सुगमतेचे मोल : पीटर्स आणि ली यांच्या गायनाचा विचार

'सुगम संगीत' ही संज्ञा आकाशवाणीच्या व्यवहारातून मराठीत रूढ झाली आणि भावगीत, भक्तिगीत, गझल अशा भिन्न कुळींच्या रचनांना तिने एकाच दालनात आणून बसविले. सुगम म्हणजे जेथे सहज जाता येते ते. या शब्दात वाटेचे वर्णन आहे. ती वाट कोणी बांधली आणि ती बांधताना त्याला किती श्रम पडले, याविषयी तो मौन बाळगतो. इंग्रजीत याच अर्थाने वापरली जाणारी 'ईझी लिसनिंग' ही संज्ञा तर आणखी एक पाऊल पुढे जाते. तीत गाण्याचे वर्णनच नाही. ऐकणाऱ्याच्या बैठकीचे वर्णन आहे. त्याला श्रम पडू नयेत, हातातील काम सोडून उठावे लागू नये, एवढीच तिची अपेक्षा. अशा संगीतापुढे समीक्षक सामान्यतः दोनच प्रकारे वागताना दिसतो. एक तर तो त्याच्याकडे पाठ फिरवितो. नाही तर खपाचे आकडे पुढे करून, लक्षावधींना जे रुचले त्यात काही तरी असलेच पाहिजे, असा कौल देतो. पहिल्या वृत्तीत आळस आहे आणि दुसरीत भित्रेपणा. दोन्हींमध्ये प्रत्यक्ष गाणे ऐकण्याचे काम राहूनच जाते.

हे काम एका उदाहरणापुरते तरी करावे, या हेतूने येथे लेनी पीटर्स आणि डाय ली या ब्रिटिश युगुलगायकांच्या कारकीर्दीचा विचार केला आहे. १९७० ते १९८० हा तिचा मुख्य कालखंड. १९८६ नंतर तिचा दुसरा, लहानसा अंक झाला. संगीताच्या इतिहासात या जोडीने नवे असे काही आणले, असे तिचे चाहतेही म्हणणार नाहीत. नेमक्या याच कारणासाठी ती निवडली आहे. जेथे नावीन्याची कसोटी लागूच पडत नाही तेथे समीक्षेच्या हाती दुसरी कोणती कसोटी आहे, हे पाहावयाचे आहे.

लेनी पीटर्स हा लंडनच्या इझलिंग्टन भागातला. बालपणी मोटारीच्या अपघातात त्याचा एक डोळा गेला. दुसरा सोळाव्या वर्षी, कोणा दांडगटाने मारलेल्या विटेने. पुढे पूर्व लंडनच्या पबांत पियानो वाजवीत आणि गात त्याने उपजीविका केली. १९६०नंतरच्या दशकात त्याच्या एकट्याच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या, परंतु त्या चालल्या नाहीत. डाय ली शेफील्डची. ती मूळची नर्तकी. १९७०मध्ये दोघे एकत्र गाऊ लागले. ज्या व्यवसायात त्यांनी उमेदवारी केली तो आपल्याकडील वाचकाला अपरिचित असण्याचा संभव असल्याने त्याविषयी दोन शब्द सांगणे इष्ट ठरेल. इंग्लंडच्या औद्योगिक गावांतून कामगारांचे क्लब असत. त्यांचा संघ हेन्री सॉली या धर्मोपदेशकाने १८६२मध्ये स्थापन केला. मूळ कल्पना अशी की कष्टकऱ्याला दारूपासून दूर, वाचनाची व ज्ञानाची जागा मिळावी. लवकरच सभासदांनी तेथे बिअरही आणली आणि गाणेही आणले. शंभर वर्षांनंतर यॉर्कशरमधील बॅटलीसारख्या लहान गावात १९६७मध्ये एक भव्य क्लब उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी लुई आर्मस्ट्राँग तेथे येऊन वाजवून गेला. या क्लबांत गाणे म्हणजे मैफल नव्हे. समोर लोक जेवत असतात, गप्पा मारीत असतात, पेले वाजत असतात. अशा ठिकाणी गायकाला शांतता आयती मिळत नाही. ती त्याला गाण्यानेच मिळवावी लागते. पीटर्सच्या शब्दोच्चारांतील ठसठशीतपणा आणि ओळीच्या शेवटी स्वर किंचित रोखून धरण्याची त्याची सवय यांचे मूळ मला या शाळेत दिसते. सुगमतेच्या मागील श्रम म्हणतात ते हेच.

या जोडीला देशभर ओळख मिळाली ती १९७३मध्ये, 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेतून. ह्युई ग्रीन हा तिचा सूत्रधार. १९४९मध्ये रेडिओवर सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे दूरचित्रवाणीवर आला आणि १९७८पर्यंत चालला. त्याची एक गंमत अशी की स्टुडिओत टाळ्यांचा जोर मोजणारे एक यंत्र ठेवलेले असे आणि त्याचा काटा किती सरकला हे सूत्रधार मोठ्या उत्साहाने दाखवी. पण निकालाशी त्या यंत्राचा काहीही संबंध नसे. खरा निकाल लागे तो टपालाने. घरी बसलेल्या प्रेक्षकाने पत्र लिहावयाचे, तिकीट लावावयाचे, पेटीत टाकावयाचे. टाळी एका क्षणाची असते. पत्र लिहिण्यास रात्र जावी लागते. क्षणिक उत्साहापेक्षा मनात उरलेली आठवण मोजणारी ही पद्धत होती, आणि सुगम गायनाला ती विशेष अनुकूल ठरली, हे ओळखण्यास फार विद्वत्ता नको. मेरी हॉपकिन हिला १९६८मध्ये आणि नील रीड या बारा वर्षांच्या मुलाला १९७१मध्ये याच कार्यक्रमाने पुढे आणले होते. पीटर्स आणि ली अनेक आठवडे जिंकत राहिले.

येथे एक नाजूक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लोकांनी मत दिले ते गाण्याला की काळा चष्मा लावून बसलेल्या आंधळ्या माणसाला? आपल्या भाषेत कोणत्याही अंध गायकाला 'सूरदास' म्हणण्याची रीत आहे. हे नाव आदराचे खरे. परंतु ते ठेवताक्षणीच त्या माणसाचे गाणे कसे ऐकावे हेही ठरून जाते. तो आर्त असणार, भक्त असणार, त्याच्या स्वरात करुणा असणार. इंग्लंडमध्ये सूरदास नसला तरी ही वृत्ती होतीच. अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या मार्गातील जी सात विघ्ने सांगितली आहेत त्यांत, समोरचा अनुभव हा अमुक व्यक्तीचा, अमुक स्थळकाळाचा असा चिकटून राहणे, हे एक प्रमुख विघ्न आहे. जोपर्यंत श्रोता 'या बिचाऱ्याचे डोळे गेले' हे मनात धरून ऐकतो तोपर्यंत साधारणीकरण घडत नाही. तो गाणे ऐकत नाही, एका माणसाची कीव करीत असतो. मत टपालाने आले म्हणून ते कीव नसेल, असे नाही. कीव मनात बराच काळ टिकणारी गोष्ट आहे.

मग पीटर्सच्या यशाचे सर्व श्रेय या विघ्नालाच द्यावे काय? मला तसे वाटत नाही, आणि याचा पुरावा गाण्यातच आहे. अंधत्वाचा आधार घेऊन गाणारा गायक स्वरात कंप आणतो, ओळ ओढतो, श्रोत्याच्या दारात हात पसरून उभा राहतो. पीटर्स असे काहीही करीत नाही. त्याचा आवाज खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत, पबच्या धुराने भरलेला आहे. रे चार्ल्सचे संस्कार त्यावर उघड दिसतात. विशेषतः १९६२मध्ये रे चार्ल्सने अमेरिकी ग्रामीण गीते वाद्यवृंदाच्या साथीने गाऊन जो प्रकार रूढ केला, त्याचे. परंतु रे चार्ल्स ओळ मोडतो, तिच्याशी झगडतो. पीटर्स ती सरळ चालवतो. तो दुःख सांगत नाही, दिलासा देतो. ज्याने दिलासा मागावा अशी प्रेक्षकाची अपेक्षा, त्यानेच तो द्यावा, ही अदलाबदल या गायनाचे खरे मर्म होय.

त्याचे सर्वोत्तम उदाहरण म्हणजे 'वेलकम होम'. हे गीत मूळचे फ्रेंच. 'व्हिव्र', म्हणजे 'जगणे', हे त्याचे नाव. इंग्रजी शब्द ब्रायन ब्लॅकबर्न याने बसविले. पराया चालीवर नवे शब्द बांधण्याच्या या प्रकाराकडे इंग्रज समीक्षक काहीशा नाकदारपणे पाहतात. आपल्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत प्रत्येक पदावर 'चाल' म्हणून जुन्या पदाचा निर्देश असतो आणि किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'ची गोडी त्यामुळे तसूभरही उणावली नाही. शिवाय त्या काळच्या सुगम गायनाचा मोठा भाग अशाच उसनवारीवर उभा होता. मेरी हॉपकिनचे १९६८मधील गाजलेले गीत बोरिस फोमिनच्या रशियन चालीवर आहे, आणि फ्रँक सिनात्राने अजरामर केलेल्या 'माय वे'ची चाल फ्रेंच आहे. प्रश्न चाल कोठून आणली हा नसतो; नव्या शब्दांनी तिचे काय केले, हा असतो.

ब्लॅकबर्नने जगण्याविषयीच्या गीताचे घरी परतण्याविषयीचे गीत केले. फार दिवसांनी परत आलेल्या व्यक्तीला घरातील माणूस आत बोलावतो, दार लावून घ्यावयास सांगतो, आता तू आपल्या ठिकाणी आलीस असा विश्वास देतो, आशय एवढाच. ती व्यक्ती का गेली होती, कोणाचे चुकले होते, याचा हिशेब गीत मांडीत नाही. हा संयम लहान नाही. मराठी भावगीतात परतलेल्या प्रियकराला अथवा प्रेयसीला निदान एखादा प्रश्न तरी विचारला गेला असता. येथे प्रश्न नाही, म्हणूनच हे गीत प्रियजनालाही लागू पडते, घर सोडून गेलेल्या मुलालाही आणि समुद्रावरून आलेल्या खलाशालाही. साधारणीकरण येथे रचनेतच सिद्ध झाले आहे. अंधत्वाचा तर गीतात उल्लेखही नाही.

आता गायनाची मांडणी पाहावी. पुरुषस्वर पुढे आहे, स्त्रीस्वर मागून येतो आणि त्याच्या वरच्या अंगाला राहतो. युगुलगीत म्हटले की सवाल-जवाब, रुसवा आणि समजूत, असा जो साचा आपल्या कानांत बसला आहे, तो येथे नाही. ली पीटर्सला उत्तर देत नाही. तेच शब्द त्याच्यासह म्हणते. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर येथे विरोधलयीचा अवलंब नाही, संवादलयीचा आहे. दोघांनी मिळून तिसऱ्याचे स्वागत करावे, असा हा देखावा. ऐकणारा श्रोता हाच तो तिसरा. हे दोघे पतिपत्नी नव्हते. तशी कल्पना करून घेण्याचा मोह श्रोत्याला होतो खरा, पण गाण्याला तिची गरज नाही. लीच्या आवाजाविषयी समीक्षक क्वचितच बोलतात. तो मोठा आवाज नव्हे, त्यात ठेवणीचे अलंकार नाहीत. परंतु ती गाऊ लागेपर्यंत हे एका माणसाचे बोलणे असते आणि ती गाऊ लागल्यावर ते घर होते. ध्वनिमुद्रिकेचे सूत्रधार जॉनी फ्रांझ. फिलिप्स कंपनीत त्यांनी डस्टी स्प्रिंगफील्ड, वॉकर ब्रदर्स यांच्या ध्वनिमुद्रिका सिद्ध केल्या होत्या आणि स्वतः पियानोवादक असल्याने गायकाला श्वास घेण्यास जागा कोठे सोडावी, हे त्यांना कळत असे. तंतुवाद्यांचा मोठा मेळ असूनही तो आवाजावर चढून बसत नाही. वॉकर ब्रदर्ससाठी उभ्या केलेल्या त्या भव्य ध्वनीची आठवण ठेवून हे ऐकले म्हणजे फ्रांझ यांनी येथे किती हात आखडता घेतला आहे, ते ध्यानात येते.

२१ जुलै १९७३ रोजी हे गीत ब्रिटनमधील विक्रीच्या क्रमवारीत पहिले आले. त्यापूर्वी तेथे स्लेड या पथकाचे गीत होते आणि त्यानंतर गॅरी ग्लिटरचे. दोन्ही गदारोळाची, पाय आपटीत गावयाची. या दोन गोंगाटांच्या मध्ये एक आठवडाभर हे शांत गीत शिखरावर राहिले. शिखरावर आठवडाच राहिले, पण क्रमवारीत ते चोवीस आठवडे टिकून होते, आणि सुगम गायनाची खरी नाडी या दुसऱ्या आकड्यात सापडते. तरुण खरेदीदार पहिल्या आठवड्यात दुकानात धावतो. या गीताचा ग्राहक सवडीने, कदाचित शनिवारच्या बाजाराबरोबर, ते घेऊन जात होता. त्यांचा 'वुई कॅन मेक इट' हा संग्रहही ऑगस्टमध्ये संग्रहांच्या क्रमवारीत पहिला आला. बीटल्सनंतर गीत आणि संग्रह या दोन्ही क्रमवारींत एकाच वेळी पहिला क्रमांक मिळविणारे हेच प्रथम, असे विधान वारंवार केले जाते. ते टिकणारे नाही. संग्रह पहिला आला तेव्हा गीताचे शिखर सुटून तीन आठवडे झाले होते. आणि खरोखर एकाच वेळी दोन्ही शिखरे गाठण्याचा मान रॉड स्टुअर्टला १९७१मध्येच मिळालेला होता. चाहत्यांनी अशी विधाने जपावीत हे स्वाभाविक आहे, पण अभ्यासकाने ती उचलण्याचे कारण नाही. या जोडीला बीटल्सच्या मापाने मोजण्याची हौसच मुळी चुकीची आहे.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो, कारण तो पुनरावृत्तीचा आहे. 'बाय युवर साइड' हे गीत १९७३मध्येच एकोणचाळिसाव्या क्रमांकापर्यंत आले; 'रेनबो' १९७४मध्ये सतराव्या; 'डोन्ट स्टे अवे टू लाँग' त्याच वर्षी तिसऱ्या; 'हे मिस्टर म्युझिक मॅन' १९७६मध्ये सोळाव्या. यांपैकी तिसऱ्या क्रमांकाचे गीत शीर्षकापासूनच पहिल्याची सावली आहे. तेथे परतलेल्याचे स्वागत होते, येथे जाणाऱ्याने फार दिवस दूर राहू नये अशी विनवणी. पण विनवणी आली की पीटर्सच्या आवाजातील तो भक्कम, न मागणारा दिलासा ढळतो. चाल ठेक्याची आहे, क्लबात लोकांनी टेबलावर ताल धरावा अशी. गीत लोकप्रिय का झाले हे सहज कळते आणि ते पहिल्याच्या जवळपास का पोहोचत नाही, हेही. १९७५मधील संग्रहाचे नाव 'फेव्हरिट्स' होते आणि तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. आवडती गाणी! कोणाची आवडती, हे विचारावे लागत नाही. श्रोत्याला अगोदरच जे आवडते तेच त्याला परत करावयाचे, हे धोरण ठरले की गायकाला निवडण्यासारखे काही उरत नाही. पुढच्या वर्षीचा 'इन्व्हिटेशन' हा संग्रह चव्वेचाळिसाव्या क्रमांकापुढे गेला नाही. १९७७मध्ये जॉनी फ्रांझ वारले. त्याच सुमारास पंक संगीताचा झंझावात सुरू झाला होता. त्याने पीटर्स आणि ली यांना उडवून नेले असे म्हणण्याची प्रथा आहे, परंतु कालक्रम तसे सांगत नाही. ओहोटी १९७६च्या त्या संग्रहातच दिसते, आणि तिचे कारण बाहेर नसून आत आहे.

माझ्या मते हा या प्रकारच्या गायनाचा अंगभूत धोका होय. दिलासा देणारी कृती एकदा साधली की श्रोता तीच पुन्हा मागतो; आणि दिलासा पुन्हा जसाच्या तसा दिला की तो सवयीत मोडतो. शोककाव्याची अशी गत होत नाही. शोकाला दर वेळी नवे निमित्त लागते.

१९८०मध्ये दोघे वेगळे झाले. त्यानंतरच्या काळातील एक घटना त्यांच्या चाहत्यांना किरकोळ वाटते, मला मात्र ती त्यांच्या साऱ्या कारकीर्दीवर प्रकाश टाकणारी वाटते. स्टीफन फ्रिअर्स दिग्दर्शित 'द हिट' या १९८४मधील चित्रपटात पीटर्सने कॉरिगन या लंडनच्या गुंडनायकाची लहान भूमिका केली. विली पार्कर हा त्याचा जुना साथीदार न्यायालयात सर्वांविरुद्ध साक्ष देतो. साक्ष संपवून तो निघतो तेव्हा आरोपींच्या पिंजऱ्यातील ही टोळी त्याला उद्देशून एक गाणे म्हणते. ते असते 'वुई विल मीट अगेन'. दुसऱ्या महायुद्धात व्हेरा लिनच्या आवाजाने रणांगणावरील सैनिकांना आणि घरी वाट पाहणाऱ्यांना ज्या गीताने धीर दिला, तेच हे. पुन्हा भेटण्याचे आश्वासन येथे मारेकरी पाठविण्याचे वचन झाले आहे. शब्द बदललेले नाहीत, चालही बदललेली नाही. कोणी, कोणाला आणि कोठे म्हटले, एवढेच बदलले आहे. ब्रिटनला 'घरी ये' म्हणून सांगणारा आवाज ज्याचा, तोच माणूस काळा चष्मा लावून त्या टोळीचा म्होरक्या झालेला आहे, हे तेव्हाच्या प्रेक्षकाच्या ध्यानात आल्याशिवाय राहिले नसेल.

या प्रसंगाने 'वेलकम होम' खोटे ठरते काय? एका चर्चासत्रात हा मुद्दा मांडला असता एका तरुण सहकाऱ्याने तसे म्हटले होते : सांत्वनाची गीते पोकळ भांडी आहेत, त्यांत अमृत भरा की विष, भांड्याला फरक पडत नाही. हे उत्तर चतुर आहे, पण मला पटत नाही. फ्रिअर्सचा प्रसंग परिणामकारक होतो तो गीताचा मूळ अर्थ प्रेक्षकाच्या मनात अभंग असल्यामुळे. तो अर्थ पोकळ असता तर उपरोध कशावर उभा राहिला असता? आणि पीटर्सची त्या भूमिकेसाठी निवड सार्थ ठरते तीही याच कारणाने. दिलासा देणाऱ्या माणसाच्या अंगी सामर्थ्य असावे लागते; ज्याच्यापाशी भय घालण्याचे बळच नाही त्याने दिलेल्या अभयाला किंमत नसते. कीव करणाऱ्या श्रोत्याला जे १९७३मध्ये ऐकू आले नाही ते, म्हणजे त्या आवाजातील पूर्व लंडनचा राकटपणा, फ्रिअर्सने अचूक हेरले. तो राकटपणा 'वेलकम होम'मध्येही आहे. दार लाव, असे तेथे सांगितले जाते तेव्हा बाहेरचे जग खरोखरच बाहेर राहील अशी खात्री वाटते, ती त्यामुळेच.

१९८६मध्ये ही जोडी पुन्हा एकत्र आली आणि जुन्या श्रोत्यांपुढे गात राहिली. पीटर्स १० ऑक्टोबर १९९२ रोजी कर्करोगाने वारला. तीन वर्षांनंतर, १९९५मध्ये, गॅरी लिनेकर हा फुटबॉलपटू जपानमधील खेळ आटोपून लेस्टर या आपल्या गावी परतला आहे, अशा कल्पनेवर बटाट्याच्या काचऱ्यांची एक जाहिरात दूरचित्रवाणीवर आली. गावातले लोक त्याला ओळखून हसत आहेत, हात हलवीत आहेत, आणि पार्श्वभूमीला 'वेलकम होम' चालू आहे. जाहिरातीच्या शेवटी लिनेकर एका लहान मुलाच्या काचऱ्या पळवितो.